एका टक्क्याचा खटला : अमेरिकी म्युच्युअल फंड, त्यांचे शुल्क आणि लहान गुंतवणूकदार

१/ ३ सप्टेंबर २००३. न्यू यॉर्क राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी 'कॅनरी कॅपिटल पार्टनर्स' या हेज फंडाविरुद्धची तक्रार जाहीर केली. आरोप असा होता की, काही नामांकित म्युच्युअल फंड कंपन्यांनी या एका धनाढ्य ग्राहकाला अशा सवलती दिल्या, ज्या त्यांच्या लक्षावधी सामान्य गुंतवणूकदारांना निषिद्ध होत्या. कॅनरीने आरोप मान्य वा अमान्य न करता ४ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले.

२/ सवलती दोन होत्या. पहिली वेळेची. अमेरिकेत फंडाच्या युनिटची किंमत दुपारी चार वाजता, बाजार बंद होताना ठरते. चारनंतर आलेल्या मागणीला दुसऱ्या दिवसाची किंमत लागू होते. कॅनरीला मात्र चारनंतरची बातमी ऐकूनही त्याच दिवसाच्या जुन्या किमतीने खरेदी करता येई. शर्यत संपल्यावर घोड्यावर पैसे लावण्यासारखा हा प्रकार आहे, असे स्पिट्झर म्हणाले.

३/ दुसरी सवलत झटपट ये-जा करण्याची. टोकियोचा बाजार न्यू यॉर्कच्या कित्येक तास आधी बंद होतो. त्यामुळे जपानी समभाग बाळगणाऱ्या अमेरिकी फंडाची चार वाजताची किंमत पुष्कळदा शिळी असते. ती हेरून आज आत शिरायचे आणि उद्या नफा घेऊन बाहेर पडायचे. हा नफा आकाशातून पडत नाही. त्याच फंडात वर्षानुवर्षे पैसे ठेवणाऱ्यांच्या वाट्यातून तो जातो. अशा व्यवहारांना आम्ही आळा घालतो, असे अनेक फंडांच्या माहितीपत्रकांत छापलेले होते.

४/ मग कंपन्यांनी ही सवलत का दिली? कॅनरीने त्यांच्या इतर योजनांत मोठ्या रकमा ठेवण्याची तयारी दाखवली होती, आणि फंड कंपनीचे शुल्क एकूण जमा रकमेच्या टक्केवारीने ठरते. रक्कम वाढली की शुल्क वाढते. ठेवीदारांचे हित आणि व्यवस्थापकाचे उत्पन्न यांची फारकत येथे होते. हा प्रश्न मात्र २००३ मध्ये नवा नव्हता. त्यावर अमेरिकी न्यायालयांत त्याआधी चार दशके खटले चालले होते.

५/ आरंभ १९२४ च्या बोस्टनमध्ये झाला. त्या वर्षी मार्च महिन्यात 'मॅसॅच्युसेट्स इन्व्हेस्टर्स ट्रस्ट' ५०,००० डॉलर भांडवलावर सुरू झाला. गुंतवणूकदाराला हवे तेव्हा आपला हिस्सा फंडालाच परत विकून त्या दिवसाच्या मूल्यानुसार पैसे घेता येत. आजच्या मुक्त म्युच्युअल फंडाचा हा अमेरिकेतील पहिला अवतार. त्याचा कारभार त्याचे विश्वस्त स्वतःच पाहत. पुढे आलेल्या बहुतेक फंडांनी मात्र वेगळी वाट धरली.

६/ १९२९ च्या पडझडीत प्रामुख्याने जुन्या धाटणीच्या बंदिस्त गुंतवणूक कंपन्या कोसळल्या. 'गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशन'चे समभाग लोकांनी १०४ डॉलरला घेतले होते. १९३२ पर्यंत त्यांची किंमत दोन डॉलरच्याही खाली आली. प्रवर्तकांनी अशा कंपन्यांचा पैसा आपल्या सोयीसाठी कसा वापरला, याची दीर्घ चौकशी शेअर बाजाराच्या नियामक आयोगाने, म्हणजे एसईसीने केली. तिचे फळ म्हणजे २२ ऑगस्ट १९४० चा गुंतवणूक कंपनी कायदा.

७/ या कायद्याने एक चमत्कारिक रचना मान्य केली. फंड कागदोपत्री स्वतंत्र संस्था असतो आणि त्याला स्वतःचे संचालक मंडळ असते. पण बहुधा त्याच्याकडे स्वतःचा एकही नोकर नसतो. समभाग निवडणे, हिशेब ठेवणे, जाहिरात करणे ही सारी कामे बाहेरची सल्लागार कंपनी करते. फंड जन्माला घालणारीही तीच आणि पहिले संचालक निवडणारीही तीच.

८/ म्हणजे करारावर दोन सह्या असल्या तरी दोन्ही बाजूंना वजन सल्लागार कंपनीचेच. एखाद्या वाड्याच्या कारभाऱ्याने मालकाच्या वतीने स्वतःचा पगार ठरवावा, तशी ही स्थिती. यावर उपाय म्हणून कायद्याने किमान ४० टक्के संचालक सल्लागाराशी संबंध नसलेले असावेत, करार लेखी असावा आणि ठरावीक काळाने त्याला पुन्हा मंजुरी घ्यावी, अशी बंधने घातली. शुल्क किती असावे, यावर मात्र कायदा मौन राहिला.

९/ १९४० मध्ये साऱ्या अमेरिकी म्युच्युअल फंडांत मिळून सुमारे ४५ कोटी डॉलर होते. १९६५ च्या अखेरीस हा आकडा सुमारे ३,५०० कोटींवर गेला. रूढ शुल्क होते वर्षाला अर्धा टक्का. १० कोटींच्या फंडावर ते ५ लाख डॉलर होई आणि १०० कोटींच्या फंडावर ५० लाख. फंड दसपट झाला म्हणून समभाग निवडण्याचे श्रम दसपट होत नाहीत. तरीही टक्केवारी बहुधा जागची हलली नाही.

१०/ एसईसीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन संस्थेकडून या व्यवसायाचा अभ्यास करवून घेतला. १९६२ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. आकार वाढूनही शुल्काचा दर फारसा उतरत नाही, आणि हेच सल्लागार आपल्या इतर ग्राहकांकडून त्याच कामाचे कमी पैसे घेतात, हे त्यात आकड्यांनिशी मांडले होते. इतर ग्राहक घासाघीस करू शकत. फंडाच्या वतीने ती करायला कोणी नव्हते.

११/ याच सुमारास भागधारक न्यायालयात जाऊ लागले. डेलावेअरमधील 'सॅक्स विरुद्ध ब्रॅडी' हा १९६२ चा निवाडा त्या पहिल्या लाटेचे प्रातिनिधिक उदाहरण आहे. भागधारकांच्या बहुमताने करार मंजूर केलेला होता. त्यामुळे शुल्क म्हणजे मालमत्तेची निव्वळ उधळपट्टी आहे, एवढे सिद्ध करण्याचे ओझे वादीवर पडले. ते पेलणे जवळजवळ अशक्य होते. खटला गेला.

१२/ एकट्या गुंतवणूकदाराने लढावे तरी का? समजा कोणी १०,००० डॉलर गुंतवले आणि शुल्क पाव टक्क्याने जास्त आहे. त्याचे वर्षाचे नुकसान २५ डॉलर. एवढ्यासाठी कोणी वकील गाठणार नाही. असे दहा लाख गुंतवणूकदार असतील, तर मात्र व्यवस्थापकाचा लाभ वर्षाला अडीच कोटी डॉलर. नुकसान विखुरलेले आणि लाभ एकवटलेला, ही या साऱ्या इतिहासामागची गणिती गाठ आहे.

१३/ ती सोडवण्यासाठीच सामूहिक खटल्याचे हत्यार असते. एक वा काही जण सर्वांच्या वतीने दावा लावतात. १९६६ मध्ये अमेरिकी संघीय न्यायालयांच्या नियम २३ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. पैशाच्या भरपाईच्या दाव्यात जो स्वतःहून बाहेर पडत नाही, तो आपोआप गटात धरला जाऊ लागला. लहान नुकसानीचे मोठे खटले त्यामुळे शक्य झाले.

१४/ त्याच वर्षी एसईसीने संसदेकडे शिफारस केली की, शुल्क 'वाजवी' असावे असे कायद्यातच लिहावे. फंड व्यवसायाने कडवा विरोध केला. असे झाले तर न्यायाधीशच दर ठरवू लागतील, हा त्यांचा आक्षेप होता. चार वर्षांच्या ओढाताणीनंतर १४ डिसेंबर १९७० रोजी तडजोड कायद्यात उतरली. 'वाजवी' हा शब्द गळाला. शुल्क स्वीकारताना सल्लागारावर विश्वस्ताचे कर्तव्य राहील, असे कलम ३६(ब) मध्ये आले.

१५/ या कलमाने सामान्य गुंतवणूकदाराला थेट दावा लावण्याचा हक्क दिला, पण हात आखडता ठेवून. सिद्धतेचा भार वादीवर राहिला. भरपाई दाव्याच्या आधीच्या एका वर्षापुरतीच मिळणार होती. वसूल झालेली रक्कम वादीच्या खिशात न जाता फंडात जमा होणार होती. त्यामुळे हा दावा काटेकोर अर्थाने सामूहिक खटला नाही. तो त्याचा जवळचा नातलग म्हणता येईल. खरे सामूहिक खटले फसव्या माहितीपत्रकांविरुद्ध, १९३३ आणि १९३४ च्या रोखे कायद्यांखाली चालत.

१६/ विश्वस्ताचे कर्तव्य म्हणजे नेमके काय? याचे उत्तर १९८२ मध्ये 'गार्टनबर्ग विरुद्ध मेरिल लिंच' खटल्यात मिळाले. 'रेडी अ‍ॅसेट्स ट्रस्ट' हा मेरिल लिंचचा फंड चार-साडेचार वर्षांत सुमारे ४३ कोटी डॉलरवरून १,९०० कोटींवर गेला होता. एवढ्या प्रचंड वाढीचा लाभ आपल्याला मिळाला नाही, असे वादींचे म्हणणे होते.

१७/ न्यायालयाने कसोटी घालून दिली. दिलेल्या सेवेशी काहीच मेळ न बसण्याइतके आणि दोन स्वतंत्र पक्षांच्या घासाघिशीतून निघूच शकणार नाही इतके शुल्क अवाजवी असेल, तरच कर्तव्यभंग झाला. सेवेचा दर्जा, सल्लागाराचा नफा, मोठ्या आकारामुळे होणारी बचत, इतर फंडांचे दर आणि स्वतंत्र संचालकांची दक्षता हे मुद्दे पाहायचे. गार्टनबर्ग हरले. कसोटी मात्र पुढची अनेक दशके टिकली.

१८/ या कसोटीत एक मेख होती. इतर फंडांच्या दरांशी तुलना केली तर सगळेच महाग असताना कोणीच महाग ठरत नाही. शिवाय संचालकांनी जाडजूड अहवाल मागवले, बैठका घेतल्या, प्रश्न विचारले, याची नोंद असली की न्यायालयाचे बरेचसे समाधान होई. चौकशी किमतीची व्हावी अशी वादींची अपेक्षा असे. प्रत्यक्षात ती बरीचशी कार्यपद्धतीची होई.

१९/ दरम्यान न्यायालयाबाहेर एक वेगळा प्रयोग चालू होता. जॉन बोगल यांनी १९७५ मध्ये 'व्हॅनगार्ड'ची उभारणी अशी केली की, सल्लागार कंपनीची मालकी फंडांकडेच, म्हणजे पर्यायाने गुंतवणूकदारांकडेच राहावी. १९७६ मध्ये त्यांनी सामान्यांसाठी निर्देशांक फंड आणला. १५ कोटी डॉलर जमण्याची आशा होती. जमले सुमारे १ कोटी १३ लाख. वॉल स्ट्रीटने त्याला 'बोगल यांचा मूर्खपणा' ठरवले.

२०/ बोगल यांचा मुद्दा साध्या चक्रवाढीचा होता. १ लाख रुपये तीस वर्षे ८ टक्क्यांनी वाढले तर सुमारे १० लाख ६ हजार होतात. दरवर्षी १ टक्का शुल्कात गेला आणि वाढ ७ टक्के उरली, तर हाती ७ लाख ६१ हजार येतात. एका टक्क्याने अंतिम रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा नेला. निवृत्तीच्या वयातील माणसाला हा फरक चांगलाच जाणवू शकतो.

२१/ आता पुन्हा २००३. कॅनरी प्रकरणापाठोपाठ शेकडो दावे दाखल झाले आणि ते बाल्टिमोरच्या संघीय न्यायालयात एकत्र आणले गेले. नियामकांनीही तडजोडी घडवल्या. डिसेंबर २००३ मध्ये 'अलायन्स कॅपिटल'ने २५ कोटी डॉलर भरपाई व दंड देण्याचे मान्य केले. शिवाय स्पिट्झर यांच्या आग्रहाने पाच वर्षांत सुमारे ३५ कोटींची शुल्ककपातही कबूल केली. शुल्क ठरवणे हे सरकारचे काम नव्हे, म्हणून एसईसी या कपातीपासून दूर राहिली.

२२/ फसव्या माहितीपत्रकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो 'जॅनस' प्रकरणात. वादी फंडाचे नव्हे, तर सल्लागाराच्या मूळ कंपनीचे भागधारक होते. माहितीपत्रकातील विधाने खोटी होती आणि सत्य बाहेर आल्यावर समभाग घसरले, हा त्यांचा दावा. १३ जून २०११ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. विधानावर अंतिम अधिकार ज्याचा तोच त्याचा कर्ता, आणि माहितीपत्रक तर कायद्याने स्वतंत्र असलेल्या फंडाचे.

२३/ १९४० च्या रचनेतील ती जुनी फट येथे निर्णायक ठरली. फंडाचे सारे कामकाज सल्लागार पाहत असला, तरी या कायद्याखाली खाजगी वादीपुढे तो परका. न्यायमूर्ती ब्रायर यांनी आपल्या विरोधी मतात नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले.

२४/ शुल्काचा प्रश्न त्याआधीच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. 'जोन्स विरुद्ध हॅरिस असोसिएट्स' हा तो खटला 'ओकमार्क' फंडांच्या गुंतवणूकदारांनी लावला होता. शिकागोच्या अपील न्यायालयात न्या. ईस्टरब्रुक म्हणाले की, बाजारात हजारो फंड आहेत. महाग वाटला तर गुंतवणूकदाराने दुसरीकडे जावे. न्या. पॉझ्नर यांनी असहमती नोंदवली. हॅरिस कंपनी आपल्या फंडांकडून बाहेरच्या ग्राहकांच्या दुपटीहून अधिक दर घेते, इकडे त्यांनी लक्ष वेधले.

२५/ हे दोघेही कायद्याकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्या शिकागो परंपरेचे अध्वर्यू. बाजार या फंडांना शिस्त लावतो की नाही, यावर त्यांचेच एकमत नव्हते. ३० मार्च २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गार्टनबर्गची कसोटी कायम केली. न्यायालये दर ठरवणारी मंडळे नव्हेत आणि व्यापक धोरणाचा वाद संसदेने सोडवावा, असे न्या. अ‍ॅलिटो यांनी लिहिले. खटला परत खाली गेला आणि २०१५ मध्ये अपिलातही हॅरिसच्याच बाजूने संपला.

२६/ त्यानंतर आलेल्या दाव्यांत वकिलांनी नवे युक्तिवाद शोधले. 'एक्सा'विरुद्धचा खटला २०१६ मध्ये साक्षीपुराव्यांसह पूर्ण चालला. 'हार्टफोर्ड' आणि 'ब्लॅकरॉक' यांचेही निकाल लागले. प्रत्येक वेळी सल्लागार जिंकला. काही दावे तडजोडीने मिटले. पण गार्टनबर्गच्या कसोटीवर पूर्ण सुनावणी होऊन अवाजवी शुल्काची भरपाई वादीला मिळाल्याचे उदाहरण नाही.

२७/ यश आले ते दुसऱ्याच दाराने. अनेक अमेरिकी नोकरदारांची निवृत्तीची पुंजी मालकाने निवडलेल्या फंडांत असते, आणि तेथे १९७४ चा निवृत्तिवेतन कायदा लागू होतो. कॅलिफोर्नियातील 'एडिसन' या वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी २००७ मध्ये सामूहिक दावा लावला. त्याच फंडाचा संस्थांसाठीचा स्वस्त वर्ग उपलब्ध असताना कंपनीने किरकोळ ग्राहकांचा महाग वर्ग का निवडला, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

२८/ २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'टिबल विरुद्ध एडिसन' खटल्यात एकमताने सांगितले की, विश्वस्ताचे कर्तव्य फंड निवडण्यापाशी संपत नाही. निवडीवर सतत लक्ष ठेवणे हाही त्याचाच भाग आहे. २०१७ मध्ये खालच्या न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. अशा दाव्यांच्या धाकाने अनेक मालकांनी महाग फंड वगळले. येथे तुलना सोपी होती: फंड तोच, माल तोच, किंमत मात्र दोन.

२९/ अमेरिकेतील समभाग फंडांचा सरासरी खर्च १९९६ मध्ये १.०४ टक्के होता. २०२२ मध्ये तो ०.४४ टक्क्यांवर आला. या घसरणीचे मोठे श्रेय बोगल यांच्या 'मूर्खपणा'ला आणि त्यातून पेटलेल्या स्पर्धेला जाते. पण न्यायालयांत हरलेले वादीही अगदी रित्या हाताने परतले नाहीत. त्यांच्यामुळे संचालकांना प्रश्न विचारावे लागले आणि सल्लागाराचा नफा, मोठ्या आकारातली बचत, इतर ग्राहकांचे दर हे सारे कागदावर येऊ लागले.

३०/ भारताने वेगळी वाट निवडली. सेबीच्या १९९६ च्या नियमावलीने खर्चावर थेट कमाल मर्यादा घातली आणि फंड मोठा होईल तसा दर उतरत जाईल, अशी पायरीही ठेवली. अमेरिकेत १९६६ मध्ये जे मागितले गेले आणि मिळाले नाही, त्याहून हे पुढचे पाऊल होते. १ जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाविना घेता येणाऱ्या, कमी खर्चाच्या 'डायरेक्ट' योजनाही आल्या.

३१/ गुंतवणूकदाराच्या हाती दाव्याचे हत्यार मात्र तोकडेच राहिले. कंपनी कायद्याचे कलम २४५, म्हणजे २०१६ पासून लागू झालेली सामूहिक खटल्याची तरतूद, कंपनीच्या भागधारकांसाठी आणि ठेवीदारांसाठी आहे. भारतातील म्युच्युअल फंड हा न्यास असतो आणि युनिटधारक त्याचा लाभार्थी. तो कंपनीचा सभासद नसल्याने हे दार त्याच्यासाठी सरळ उघडत नाही. अमेरिकी कलम ३६(ब) सारखी खास तरतूदही नाही.

३२/ २३ एप्रिल २०२० रोजी मुंबईस्थित 'फ्रँकलिन टेम्पलटन'ने आपल्या सहा कर्जरोखे योजना अचानक गुंडाळल्या. सुमारे २५,००० कोटी रुपये अडकले. गुंतवणूकदार निरनिराळ्या उच्च न्यायालयांत गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि पुढे जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, योजना गुंडाळायची तर युनिटधारकांच्या बहुमताची संमती हवी. पैशाचा मालक कोण, या मूळ प्रश्नाला मिळालेले हे उत्तर होते.

३३/ शंभर वर्षांपूर्वी बोस्टनच्या फंडाने लहान माणसाला मोठ्या बाजारात वाटा दिला. त्या वाट्याची राखण कोणी करायची, याची उत्तरे मात्र बदलत राहिली: कधी संचालक, कधी न्यायाधीश, कधी नियामक, कधी स्पर्धक. यांपैकी कोणीही एकट्याने पुरे पडले नाही. आज प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकात एकूण खर्चाचे प्रमाण एका ओळीत छापलेले असते. ती ओळ तेथे यावी यासाठी झालेल्या झगड्यात हरलेल्या खटल्यांचाही वाटा आहे.

(समाप्त)